जवानाचे कान

आमच्या गावचा जवान आफ्रिकेत, शांतिसेनेच्या तुकडीत असताना, एका चकमकीत मारला गेला. शांतिसेनेत लढाई कशी, असे त्या वेळी अनेकांनी मला विचारले. बांधावरच्या भांडणात मध्ये उभा राहणाराच आधी मार खातो, हे उदाहरण दिल्यावर शंका मिटली.

यंदा गावाने त्याचा अर्धपुतळा बसवायचे ठरवले. धातू ओतण्यापूर्वी मातीचा नमुना घरच्यांनी पसंत करायचा असतो. नंतर दुरुस्ती होत नाही. म्हणून त्याची आई, पुतळा समितीचे अध्यक्ष आणि त्याचा प्राथमिक शाळेतला शिक्षक म्हणून मी, असे तिघे उमरग्याला शिल्पकाराच्या शेडमध्ये गेलो.

नमुना भारदस्त होता. छाती रुंद, मिशी पीळदार, नजर दूरवर. अध्यक्षांनी लगेच हात जोडले. आईने पुतळ्याभोवती एक फेरी घातली.

"ह्यो कोण?"

"मावशी, तुमचाच मुलगा," शिल्पकार म्हणाला.

"न्हाय. ह्यो कुठला तरी आमदार हाय."

अध्यक्षांचा त्या पदावर डोळा असल्यामुळे त्यांनी ही स्तुती समजून मान डोलावली.

"कान कुठं हायत त्याचे? सुपासारखे व्हते."

"शहिदाला तसे कान शोभत नाहीत, मावशी."

"शोभायला काय लग्नाला उभं करायलात का त्याला?"

"लोक लांबून बघणार. कानावाचून काय अडतंय?" अध्यक्षांनी समजूत घातली.

"लांबूनच सांगायलीय. शाळा सुटली की सगळ्या पोरांत मी त्याला कानावरनंच वळखायची. आता रोज चौकातनं जाताना परक्याला हात जोडू व्हय?"

शिल्पकाराची अडचणही खरी होती: प्रत्येक फोटोत डोक्यावर टोपी, कान दाबलेले. माप आणायचे कुठून?

"गुरुजींना इचारा," आई म्हणाली. "चार वर्षं कान त्यांच्याच हातात व्हता."

पाढ्यांच्या बाबतीत त्याचे व माझे मतभेद असत, हे खरे. मी डोळे मिटले, अंगठा व तर्जनी सवयीच्या उंचीवर धरली आणि सांगू लागलो: जरा बाहेर, पाळी जाड, वरची कड दुमडलेली. मात्र समोर उभ्या विद्यार्थ्याचा डावाच कान आपल्या उजव्या हातात येतो, त्यामुळे माझी खात्री त्या एकाच कानापुरती होती, हेही मी स्पष्ट केले.

"उजवा माझ्याकडं व्हता," आई म्हणाली. "मी डावरी हाय न्हवं."

दोन्ही कान बसले. पीळदार मिशीही खरवडून बारीक केली. रुबाब पार गेला. समोर हाक मारल्यावर वळून बघणारा एक पोरगा उरला. आई दारापर्यंत मागे गेली आणि तिथून पाहत राहिली.

"व्हय. ह्योच."

"मग ओतायचं ना?" अध्यक्षांनी विचारले.

"वता. पर मला जरा बसू द्या ह्याच्यापशी."

ती मातीच्या पोत्यावर बसली. अध्यक्षांनी उशीर होत असल्याचा विषय काढला, तेव्हा मी त्यांना दंडाला धरून बाहेर चहाला नेले.