ग्लेनिसच्या वह्या आणि माझी एक

ग्लेनिस माझी सख्खी बहीण, दीड वर्षाने मोठी. तिच्याबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं, हे आधीच सांगून टाकते.

ती मुळात काही चांगली नव्हती. टास्मानियातल्या आमच्या गीव्हस्टन गावच्या जुन्या लोकांना विचारा. आम्हा दोघींच्या जिभेला सारखीच धार, बाबांकडून आलेली. सफरचंदांच्या शेडमध्ये आम्ही सरकत्या पट्ट्यापाशी समोरासमोर उभ्या राहून फळं निवडायचो. डागाळलेलं फळ बाजूला टाकायचं आणि त्याबरोबर कुणाचीतरी अब्रू काढायची. मुकादमसुद्धा आमच्या वाटेला जात नसे. तेव्हा मला तिचा कधी हेवा वाटला नाही, कारण ती अगदी माझ्यासारखीच होती.

मग एका हंगामात, चहाच्या सुट्टीत, ती मर्ल नावाच्या बाईला म्हणाली, "नवऱ्याच्या खोकल्याचं निमित्त करून रोज लवकर पळतेस. खोकला त्याला आणि आराम तुला." सगळ्या हसल्या, मी सगळ्यात जास्त. तीन आठवड्यांनी मर्लचा नवरा गेला. दफनाच्या वेळी मर्लने ग्लेनिसचा हात हातात घेतला नाही. सगळ्यांचे घेतले, माझासुद्धा.

दुसऱ्या दिवशी ग्लेनिसने पेपरवाल्याकडून शाळेतली पोरं वापरतात तसली एकरेघी वही आणली. जेवणाची भांडी विसळून झाली की टेबलाशी बसायचं आणि पंधरा मिनिटं पेन्सिलीने लिहायचं. पेन्सिलच का, तर म्हणे, "पेन हातात घेतलं की मी स्वतःला शहाणी समजायला लागते."

मी तिला चिडवायचे. "काय गं, आज कुणाचा खून पाडलास?"

"आज नाही. काल तू थोडक्यात वाचलीस."

दोन वर्षं तरी काही फरक दिसला नाही. मग ती उत्तर द्यायच्या आधी थांबायला लागली. एवढंच. पट्ट्यावर कुणी चुकलं की मी ग्लेनिसकडे बघायचे, आता हिचा टोला येणार म्हणून, आणि ती खाली बघून फळं निवडत असायची. दर हिवाळ्यात मर्लच्या दारात फोडलेली लाकडं टाकून यायची. तिसऱ्या हिवाळ्यात मर्लने दार उघडलं. पुढे पुढे चहाच्या सुट्टीत सगळ्या बायका ग्लेनिसच्या बाकावर जायला लागल्या, कुणाचा नवरा, कुणाची सासू, सगळं तिच्या कानावर घालायला. माझ्या बाकावर मी आणि माझा डबा. मला कुणी हाकललं नव्हतं. मी होते तिथेच होते, तीच खरी गोम होती.

अशी पंचवीस वर्षं गेली. वह्या मुरंब्याच्या बरण्यांशेजारी फळीवर साठत गेल्या. मी जळत होते, पण त्यात निदान माझं काही जात नव्हतं. मग माझी मुलगी माझ्यापासून तुटली.

लिनेट पहिलं बाळ दाखवायला लॉन्सेस्टनहून आली होती. सोबत तिचा नवरा डेल आणि त्याची आई. मी नातीला हातात घेतलं आणि म्हणाले, "बापासारखी आळशी निघाली नाही म्हणजे मिळवली." मला वाटलं हसतील. लिनेटने बाळ माझ्या हातातून काढून घेतलं. त्यानंतर चार वर्षं तिने या घरात पाऊल टाकलं नाही. पण दर रविवारी ग्लेनिसकडे तिचा फोन यायचा. माझ्या पोटची पोर, आणि तिचा दात दुखतो हे मला मावशीकडून कळायचं.

"काय म्हणाली?" मी विचारायचे.

"बरी आहे."

"एवढंच?"

"नोरीन, तिने मला सांगितलेलं तुला सांगितलं, तर ती मलाही सांगायची बंद होईल."

खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

वहीने ही सुधारते, तर मी का नाही? मी होबार्टला जाऊन चामड्याच्या पुठ्ठ्याची, रेशमी फीत लावलेली वही आणली. पेनानेच लिहायचं ठरवलं. एकही दिवस न चुकवता अकरा महिने लिहिलं. लिहून मोकळं वाटायचं, पण लिनेटचा फोन काही आला नाही. मला वाटलं, ग्लेनिस काहीतरी खुबी लपवून ठेवते आहे.

म्हणून एक दिवस मी तिच्या घरी असताना ती कोंबड्यांची अंडी काढायला मागच्या अंगणात गेली तेव्हा मी तिची टेबलावरची वही उघडली. मला माझं नाव शोधायचं होतं. माझ्याबद्दल वाईटसाईट सापडलं असतं तर मी गावभर केलं असतं.

नाव सापडलं. "मी आज नोरीनचं बोलणं संपायच्या आत कंटाळले." खाली, "मी मर्लकडे लाकडं नेत होते ती मला बरं वाटावं म्हणून." आणि त्याखाली, "मी लिनेटचा फोन आला की सुखावते. तो नोरीनच्या वाट्याचा आहे."

पान उलटलं. प्रत्येक ओळ 'मी'ने सुरू होत होती. दुसऱ्या कुणाची एक चूक त्या वहीत नव्हती.

घरी येऊन मी माझी वही काढली. लिनेटने असं केलं. डेलने तसं केलं. ग्लेनिसने मुद्दाम. ती, तो, ती, ती. अकरा महिन्यांत 'मी' शोधला तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा मिळालं, "मी म्हटलंच होतं."

एक ओळ लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या. मग लॉन्सेस्टनला फोन लावला. डेलने उचलला, मी त्याला म्हटलं, तिला मिनिटभर फोन दे. लिनेट आली तेव्हा मी वाचून दाखवलं, "मी माझ्या नातीला पहिल्यांदा हातात घेतलं आणि तिच्या आईला सासूसमोर खाली बघायला लावलं."

 ती म्हणाली, "हे मावशीने लिहून दिलं का?"

जिभेवर जे आलं ते इथे सांगण्यासारखं नाही. मी ते गिळलं. "नाही. अक्षर माझं आहे. येऊन बघ."

दोन आठवड्यांनी ती एकटीच आली. आधीची पानं फाडून टाकावीत असं मला शंभरदा वाटलं होतं, पण फाडली असती तर शिवण उसवलेली तिला दिसली असती. मी वही तशीच पुढे ठेवली. तिने कोट न काढता पहिल्या पानापासून वाचायला घेतली. कान लाल झाले तिचे.

"डेलला तू ओलं लाकूड म्हटलंयस. धूर फार, ऊब नाही."

"हो."

"तीन वेळा."

"चार. पुढे अजून एकदा आहे."

तिने तेही वाचलं. शेवटच्या ओळीपाशी थांबली, ती परत वाचली आणि वही मिटून हात वर ठेवला.

"मावशीने मला तिच्या वह्यांना कधी हात लावू दिला नाही," ती म्हणाली.

माफीचे शब्द मी दोन आठवडे घोटून ठेवले होते. ते मी म्हटले, पण नंतर. आधी मला आनंद झाला, ग्लेनिसच्या पुढे गेल्याचा.