दारातला चेहरा

बाळांनो, तुम्ही पाठवलेला वाढदिवसाचा व्हिडिओ आज पाहिला. झूम केल्यावर चेहरे क्षणभर पुसट झाले आणि मला आपल्या माले गावच्या घरचा मांडव आठवला.

ऐंशीच्या दशकात तुमच्या आजोबांच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. दिरांनी मस्कतहून व्हिडिओ कॅमेरा आणला होता. त्याचं इंग्रजी माहितीपुस्तक फक्त मी वाचलेलं, म्हणून तो माझ्या खांद्यावर आला. त्यात लिहिलं होतं, आधी झूम पूर्ण जवळ नेऊन चेहरा स्पष्ट करायचा, मग झूम मागे घ्यायचा. माणूस जागचं हललं नाही, तर पुन्हा कितीही झूम केला तरी चेहरा स्पष्टच राहतो.

मंगलाष्टका सुरू झाल्या. नवरीची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, विधवा म्हणून दूर स्वयंपाकघराच्या दारात, चुलीच्या धुरात उभ्या होत्या. मी झूम थेट त्यांच्यावर नेला.

"सूनबाई, नवरी हितं हाय!" चुलत सासरे गुरगुरले. "तितं काय काढतीयास?"

"नवरीची आई."

"इधवा बाई लग्नाच्या फिल्लममदी? लोक काय म्हनतील?"

"बघून झाल्यावर विचारू, मामंजी."

सासूबाई आत सरकू लागल्या.

"आत्याबाई, हलू नका! पुसट व्हाल!" मी ओरडले. सगळा मांडव वळला. वळू दे, म्हटलं.

त्या थांबल्या. मी झूम हळूहळू मागे घेतला. दार, पाहुणे, लेक, सगळं एका चौकटीत मावलं. मग झूम पुन्हा त्यांच्यावर नेला. चेहरा लख्ख होता. शेजारणीच्या मुठीतल्या अक्षता घेऊन, कॅमेऱ्याच्या भिंगात रोखून बघत, सासूबाई लेकीच्या दिशेनं टाकत होत्या.