धाकट्या आत्याचं सर्टिफिकेट

मंठा तालुक्यात अशी एकही मोकळी जागा नसेल, जिथं आमच्या धाकट्या आत्यानं मनातल्या मनात कुणाचं तरी लग्न लावलं नसेल. बाजार नसलेल्या दिवशी ती बाजारतळावर डोळे मिटून उभी राही आणि आपण काही बोलायला गेलो की हात वर करी, "थांब गं, नवरदेव येऊन राह्यला." तिला खरंच घोडा दिसे, शामियान्याची झालर दिसे, वाढप्यांच्या बादल्यांतून निघालेली वरणाची वाफ दिसे. एकदा घनसावंगीच्या जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो, तर हिनं मध्येच जीप थांबवायला लावली. सगळ्यांना वाटलं, बाईला मळमळतंय. आत्या मात्र नुकताच ऊस तुटलेल्या रानाकडे झोपेत असल्यासारखी बघत म्हणाली, "हितं अख्खं परतूर एका पंगतीला बसंल." ड्रायव्हरनं विचारलं, "मावशी, लगीन कुनाचं हाय?" "ते ठरलं न्हाई अजून," आत्या शांतपणे म्हणाली.

घरी दोन पाहुणे आले तरी तिच्या अंगात कार्य संचारे. रुसणारा माणूस तिला उंबऱ्यातच ओळखू येई. "टोपीवाल्या पाव्हन्याला आधी च्या द्या, जल्दी," ती आतून सांगे, आणि रुसायच्या बेतानं आलेला तो पाहुणा पहिला कप हातात पडल्यामुळे गोंधळून खुशीत येई. साहजिकच गावातली निम्मी लग्नं तीच पार पाडायची. पण मंगलाष्टकं सुरू झाली की ती कनातीमागे, आचाऱ्याजवळ जाऊन उभी राही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा वारला आणि ती माहेरी आली, तेव्हापासून हळदीला तिला कुणी हाक मारली नव्हती. मागं जा, असं कुणी म्हणतही नसे. तिलाच ते पाठ झालं होतं. जे लग्न तिनं डोळे मिटून शंभरदा पाहिलेलं असे, ते प्रत्यक्ष लागताना तिला कधीच दिसत नसे. मला याचा फार राग यायचा.

नव्वदचं दशक सरत असताना औरंगाबादला समारंभांच्या नियोजनाचा कोर्स निघाला. आत्यानं चाळिशी ओलांडली होती. "या वयात कालेज?" वडिलांनी विचारलं. ती म्हणाली, "दादा, मला समोर उभं राहून एक तरी लगीन बगायचंय. ज्याचं कामच तिथं उभं राह्यचं हाय, त्याला मागं कोन ढकलनार?" 

मग दर शनिवारी आत्या एस.टी.नं औरंगाबादला. वर्गातली पोरं तिच्या डब्यावर तुटून पडत. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "तुमचा प्रेक्षकवर्ग कोण?" आत्या म्हणाली, "अख्खं गाव. आन ज्याला बोलावलं न्हाई, तो सगळ्यात आधी." सर हसत सुटले. सर्टिफिकेट मिळालं तसं तिनं गळ्यात घालायचं फोटोचं कार्डही करून घेतलं. त्यानंतर आमचं घर 'व्हेन्यू' झालं, आणि वडील उशिरा आंघोळीला गेले की 'शेड्यूल' कोसळू लागलं.

पहिलं काम आष्टीच्या एका कापूस व्यापाऱ्याकडचं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि आत्या गळ्यात कार्ड घालून स्टेजच्या पायरीशी उभी राहिली. वरपक्षाकडच्या एका म्हातारीनं तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघून विचारलं, "ही कोन?" कुणीतरी म्हणालं, "कार्यक्रमाच्या मॅडम हैत." म्हातारी चटकन सरकली. "उभ्या ऱ्हा मॅडम, बिलकुल उभ्या ऱ्हा." त्या दिवशी आत्यानं उघड्या डोळ्यांनी लग्न पाहिलं, आणि पुढं कित्येक दिवस आम्हाला ते तोंडपाठ होईपर्यंत सांगितलं. मग पार जालन्याहून बोलावणी येऊ लागली.

माझ्या लग्नात मी हट्टच धरला, पहिली हळद आत्यानं लावायची. आई म्हणाली, "मीच म्हननार होते." आत्या आली ती कार्ड घालूनच. "आज तू मॅडम न्हाईस," मी म्हटलं आणि माझ्या हातानं तिचं कार्ड काढून घेतलं. ती हळदीच्या वाटीकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिची पावलं मागं सरकू लागली, कनातीच्या दिशेनं. मागं जा, असं कुणी म्हटलंही नव्हतं.

"काय झालं गं?"

"आत्या म्हनून न्हाई जमायचं मला, बाई," ती हळूच म्हणाली. "ते दे इकडं."

मी कार्ड परत तिच्या गळ्यात घातलं. ती ताठ झाली, घड्याळ पाहिलं, फोटोग्राफरला त्याची जागा दाखवली आणि सरळ पुढं येऊन माझ्या गालांना हळद लावली.  "हलू नको, फोटो हालंल," ती मला दटावत होती. मंठ्यातल्या मंठ्यात, माझ्या गालापर्यंत पोचायला आत्याला औरंगाबादला जाऊन यावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.