घर राखणारं रिव्हॉल्व्हर

घराच्या राखणीसाठी मोठ्या तोंडाचं रिव्हॉल्व्हर कामाचं की बिनकामाचं, हे मला कधीच कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं आणि माझे दोन महिने वाचले असते. पण आमच्या घरी बायकोला विचारायची वेळ सगळं होऊन गेल्यावरच येते.

ते रिव्हॉल्व्हर माझ्या सासऱ्यांचं. ते तेंदूपत्त्याची ठेकेदारी करायचे. हंगामात मजुरांचे पैसे थैलीत घालून जंगलातून एकटे जायचे, म्हणून त्यांनी परवाना काढला होता. ते गेले आणि परवाना आमच्या ह्यांच्या नावावर आला. यांनी आयुष्यभर धान लावलं, धान कापलं. त्यात रिव्हॉल्व्हरचं काय काम? एकदा तरुणपणी सासऱ्यांनी यांना बांधावर नेऊन एक गोळी झाडायला लावली होती. मनगट आठ दिवस सुजलं आणि कानात शिट्टी वाजत राहिली, हे त्यांनीच मला सांगितलेलं. हत्यार काय, लोखंडाचा गोळा नुसता. नळीचं तोंड एवढं रुंद की माझ्या करंगळीचं टोक आत जावं.

इतकी वर्षं ते कपाटात पडून होतं आणि माझी काही तक्रार नव्हती. पण यंदा गावात लग्नाला गेलेल्या लोकांची दोन घरं फुटली, अन् आमच्या ह्यांच्या अंगात सासरे संचारले.

"आपण दोघंच बुढे घरी. चोर आला तं?"

"आला तं देऊन टाका त्याले. काय हाये आपल्या घरी? एक टीव्ही, तोही दोन थापडा मारल्याशिवाय लागत नाही."

"तुले नाही समजत ते."

मला समजत नाही! आमच्या झोपायच्या खोलीची भिंत मातीची, आणि भिंतीच्या पलीकडे पुतण्याची खाट. त्याची बायको आणि दहा महिन्यांचं लेकरू तिथंच झोपतं. मी म्हटलं, "अजी, तुमची गोळी चोराले लागली नाही तं भिंतीतून कुठं जाईन, याचा विचार केला का?" तर म्हणे, "नेम चुकणार नाही." या माणसाच्या हाताला दोन वर्षांपासून कंप आहे. कपातला अर्धा चहा बशीत जातो, मग बशीतून पितात. अन् नेम चुकणार नाही!

शेवटी एका दुपारी मी म्हटलं, चला, होऊन जाऊ द्या. "गोळ्या बाजूला ठेवा आन् खाटेवर झोपा. मी चोर. सांदवाडीतून येऊन राहिली." सांदवाडी म्हणजे आमच्या घरामागची वाडी. भाजी तिथं, न्हाणी तिथं, आणि शेजारच्या बायकांची जा-ये सगळी तिथूनच. समोरच्या दारानं फक्त पाहुणे आणि पोस्टमन येतात.

"दुपारी चोर येते काय वं?"

"झोपता तं तुम्ही दुपारीच."

पडले बिचारे खाटेवर. मी मागचं दार वाजवलं. आतून आवाज, "थांब, चष्मा नाही भेटून राहिला." चोराला थांब म्हणतात! मग कपाटाची किल्ली. ती कमरेच्या करगोट्याला बांधलेली, म्हणून आधी पायजम्याची नाडी सैल करणं आलं. मग कपाट. त्याचं दार खालून अडकते, त्याला गुडघा मारावा लागतो. तोपर्यंत मी सयपाकघरातून पितळेची दोन गुंडं आणि कढई लुगड्यात बांधली, बाहेर आले आणि कपडे धुवायच्या दगडावर बसले. जरा वेळानं हे दारात आले. एका हातात पायजमा, दुसऱ्या हातात ते धूड, आणि हात असा लटपटत होता की नळी एकदा आंब्याकडे, एकदा माझ्याकडे.

"हात वर!"

"हात वर कायचा? मी तं लाखनीले पोचली असती."

मी मनात म्हटलं, आता तरी समजलं असेल. समजलं, पण काय समजलं? संध्याकाळी जेवताना म्हणाले, "तू बरोबर दाखवलं. कपाटात ठेवून फायदा नाही. भरून उशाखालीच ठेवा लागते."

सांगा आता, कोणापाशी रडू मी!

मी भांडले, रुसले, दोन दिवस भाजीत मीठ घातलं नाही. काही फरक नाही. वैताग याचा की त्यांचं म्हणणं एका परीनं खरं होतं. कुलपात ठेवलं तर वेळेवर निघत नाही, आणि वेळेवर निघेल असं ठेवलं तर ते कोणाच्याही हाती लागतं. यातली मधली जागा मला तरी आमच्या घरात दिसली नाही. पण त्यांना हे कोण सांगणार?

आमची मुलगी नागपूरला असते. दोघं नवराबायको नोकरीवाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार वर्षांच्या नातीला ती माझ्याजवळ ठेवून जाते, एक महिना, कधी दीड. बाकीचे महिने मी कसे काढते ते माझं मला ठाऊक. यंदा मायलेकी आल्या, पोरीनं खाटेवर बसून मुरमुरे सांडले आणि मुलगी चादर झटकायला गेली. तिनं उशी उचलली.

ओरडली नाही ती. उशी होती तशी ठेवली, पोरीला कडेवर घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, ते भरलेलं आहे?"

मी खोटं बोलू शकले नाही.

"ते घरात आहे तोवर मी पोरीला इथं ठेवणार नाही. बाबांना राग आला तर येऊ दे."

चारच्या बसनं दोघी परत गेल्या. मी पोरीसाठी केलेल्या करंज्या डब्यात तशाच राहिल्या. हे अंगणात बसून होते, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बापाच्या घरी येऊन बापाले धमकी देते." मी करंज्यांचा डबा उचलून आत गेले. बोलले असते तर त्या दिवशी शेजारपाजार जमा झाला असता.

पाच-सहा दिवसांनी स्वतःच म्हणाले, "उशाखालून काढलं. फोन कर तिले."

"कुठं ठेवलं?"

"ठेवलं ना बराबर. लेकराचा हात पोचत नाही तिथं. तुले सांगतलं तं गावाले कळते."

मी फोन केला. मुलीनं एकच विचारलं, "घराबाहेर काढलं का?" मी म्हटलं, "नाही, पण..." ती म्हणाली, "मग नाही, आई."

सुट्टी अशी चालली होती, रोज एक दिवस कमी. इकडे मुलगी ऐकत नाही, तिकडे बुढा ऐकत नाही, मधात मी.

त्याच आठवड्यात पुतण्याची बायको सांदवाडीतून आली, लेकरू कडेवर.

"मोठीमाय, पऱ्ह्यासाठी दोन पायल्या चिन्नोर द्या ना जी."

पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायला लागणारं बियाणं आम्ही विकत नाही, आपसात देतो-घेतो. ज्याच्या घरी जे वाण चांगलं, त्याच्या घरून न्यावं. आमचं चिन्नोर सगळ्या आळीत जाते. ते ढोलीत असते. बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली, माझ्या छातीइतकी उंच ढोली. धान खाली गेलं होतं आणि मला वाकणं होत नाही, म्हणून म्हटलं, "तूच काढ वं." तिनं लेकरू सावरलं, आणि पायली धरून हात खांद्यापर्यंत आत घातला.

ठण्ण!

"मोठीमाय, काही तरी लागलं."

"उंदीर असन."

"उंदीर वाजते काय?"

आणि तिनं ओढून काढलं एक गाठोडं. जुन्या लुगड्याचा तुकडा, वरून सुतळी. वजन पाहून तिचे डोळे असे चमकले! माझ्या कानाशी येऊन म्हणते, "सोनं हाये काय वं मोठीमाय? मी नाही सांगत कोणालेच." आणि हसत हसत सुतळी दातानं सोडायला लागली. कडेवरचं लेकरू दोन्ही हातांनी ते फडकं ओढत होतं. मला अजून उमगलंच नव्हतं. मीसुद्धा, खोटं कशाला सांगू, सासूनं काही पुरून ठेवलं असेल म्हणून मान पुढे करून पाहत होते.

एवढ्यात हे न्हाणीतून आले, टॉवेल गुंडाळलेला, डोक्यावरून पाणी गळत होतं. फडकं सुटून नळी बाहेर आली होती आणि लेकराच्या पोटाला टेकली होती.

हे सरळ पुढे आले आणि आधी लेकरू उचललं. तिच्या कडेवरून ओढूनच घेतलं आणि सांदवाडीत निघून गेले, पार आंब्याखाली. पुतण्याची बायको हातातल्या वस्तूकडे पाहून खालीच बसली. मी ती वस्तू घेतली. कशी घेतली, कुठं धरली, मला आठवत नाही. नळीचं तोंड पलीकडे करून ढोलीच्या मागे खाली ठेवली एवढं आठवते.

नंतर त्यांनीच ढोलीच्या काठाशी उभं राहून गोळ्या काढल्या. सहाच्या सहा आत होत्या. नळी खाली केली तेव्हा तिच्यातून धानाचे दाणे गळले. कापऱ्या बोटांतून एक गोळी सुटून ढोलीत पडली, ती शोधायला आम्ही दोघांनी अर्धा दिवस धान उपसलं, सुपानं पाखडलं.  मधात एकदा मी म्हटलं, "चोर आला असता तं त्यालेच म्हटलं असतं का, भाऊ, जरा धान उपसू लाग?" त्यांनी पुढचं सूप भरलं. मला त्या क्षणी माझीच लाज वाटली, आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम असतात, बाई.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी धुतलेले कपडे घातले, कागदपत्रं घेतली, आधी पोलीस ठाण्यात गेले, मग भंडाऱ्याला हत्यारांच्या दुकानात. जमा करून, विकून टाका म्हणून लिहून देऊन आले. दुकानदार म्हणे हसला. "काका, या गोळ्या इतक्या जुन्या, वाजल्या तं वाजल्या." आता हे मी ऐकून काय करू? लेकराच्या पोटाशी होती तेव्हा ती वाजली तर वाजली, असं कोणी म्हणू शकते का?

रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनीच मुलीला फोन लावला. मला वाटलं, जमा केलं एवढंच सांगतील. मी खुणेनं सांगतही होते, बाकीचं राहू द्या. त्यांनी सगळं सांगितलं. ढोली, पायली, सोनं, लेकरू.  

मग ती म्हणाली, "बाबा, बाळ ठीक आहे ना?"

"ठीक हाये. रांगून राहिलं आमच्या अंगणात."

"दुकानाच्या पावतीचा फोटो पाठवा."

मला राग आला. बाप इतकं कबूल करून राहिला आणि हिला पावती पाहिजे! पण हे म्हणाले, "मांगू दे. बराबर मांगते." आणि बसले फोटो काढत. पहिला स्वतःच्या अंगठ्याचा, दुसरा पंख्याचा, तिसऱ्यात मी, उघड्या तोंडाची. चौथ्यात पावती, वाकडी पण वाचता येणारी. थोड्या वेळानं उत्तर आलं: शनिवारी येतो. साकोलीला, अकराच्या बसनं. पंधरा दिवस राहील पोरगी.

शनिवारी सकाळी सातला हे गाडी काढून तयार.

"साकोली काय मुंबईत हाये? अकराची बस हाये जी!"

"लवकर आली तं?"

"जन्मात आली का कधी लवकर?"

मी पिठाचे हात घेऊन दारापर्यंत गेले, की निदान चहा तरी पिऊन जा. पण गाडी वळणावरून गेलीसुद्धा. चार तास तिथं बसस्टँडवर बसले, उपाशी.