दोघांची कंपनी

माझे यजमान मूळचे साताऱ्याकडचे. नोकरीसाठी मद्रासला आले, लग्न झालं आणि इथेच राहिले. माझं माहेर तंजावरकडचं, तिथल्या जुन्या मराठी घरांतलं. मी 'सांगितलं'ला 'सांगटलं' म्हणाले की सुरुवातीला ते हसायचे. तमिळ मात्र त्यांना कधी जमलं नाही. घरमालक असो की भाजीवाली, यजमानांच्या वतीने मीच बोलायची.

नव्वदीच्या सुरुवातीला त्यांनी कारखान्याच्या स्टोअरमधली नोकरी सोडली आणि अड्यारला आमच्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत, गोदामांसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहायला बसले. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे, त्यातला आधी कुठला बाहेर गेला पाहिजे, काय संपत आलंय, हे मशीनने सांगायचं. मी शाळेत शिकवत होते. संध्याकाळी घरी आले की मला शेजारी बसवून ते दिवसभराचं काम दाखवायचे. हळूहळू मलाही ते चालवता येऊ लागलं.

"आपली दोघांची कंपनी," ते म्हणायचे. तिसरं माणूस ठेवायची ऐपतही नव्हती.

पॅरीज कॉर्नरजवळ औषधांचे एक घाऊक व्यापारी होते. सगळे त्यांना मुदलाळी, म्हणजे मालक म्हणत. गोदाम त्यांचा धाकटा भाऊ सांभाळायचा आणि कुठलं खोकं कुठे आहे ते सगळं त्याच्या डोक्यात असायचं. एक दिवस हृदयविकाराने तो गेला, आणि गोदामात कुणाला काही सापडेना. नवी खोकी पुढे लागायची, जुनी मागे राहून त्यांची मुदत संपायची. औषध आत असूनही गिऱ्हाइकाला 'नाही' सांगावं लागायचं. शेवटी मुदलाळींनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. तीन-चार जणांना बोलावलं, त्यातून उरलो आम्ही आणि मुंबईची एक मोठी कंपनी.

यजमान रोज तिथे जाऊ लागले. शनिवारी मीही जायची. पत्र्याखाली जीव नकोसा करणारा उकाडा, औषधांचा उग्र वास. मी हमालांना तमिळमधून विचारायची, त्यांचं उत्तर यजमानांना मराठीतून सांगायची, आणि ते घरी येऊन प्रोग्रॅम बदलायचे. दमून जायचो, पण बसमधून परत येताना आम्ही दोघं अखंड बोलत असायचो. तसं बोलणं पुढे कधी झालं नाही.

प्रोग्रॅम दाखवायचा दिवस आला. आधी मुंबईच्या कंपनीची माणसं आली. टाय, रंगीत पुस्तिका, पडद्यावर चित्रं. त्यांच्या चित्रांतला माल कुठल्या तरी दुसऱ्याच गोदामातला होता. मग आमची पाळी. मध्येच वीज गेली, तेव्हा यजमानांच्या कपाळावरचा घाम मी पाहिला. वीज आली, सगळं पुन्हा सुरू झालं. मुदलाळींनी स्वतः एका बोटाने एका खोकल्याच्या औषधाचं नाव टाइप केलं. प्रिंटर करकरला आणि रॅकचा नंबर, आधी उचलायचा माल, सगळं कागदावर आलं. त्यांनी माणूस पाठवला. खोकं तिथेच होतं.

मुदलाळी हसले. भाऊ गेल्यापासून ते असे हसले नव्हते, असं त्यांचा कारकून मला हळूच म्हणाला. मला वाटलं, झालं आपलं काम.

मग त्यांनी कॉफी मागवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अम्मा, तुमचंच जास्त चांगलं आहे. पण सरांना एक विचारा. उद्या ते नसले तर मी कुणाकडे जायचं?"

यजमान माझ्या तोंडाकडे बघत होते. मला ते वाक्य गुळगुळीत करून सांगता आलं असतं. पण त्यांना खोटं सांगणं मला जमेना. मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

"सांग त्यांना, मी कुठे जातोय? आणि तूही आहेस की."

मी सांगितलं. मुदलाळींनी मान हलवली. "तुम्ही दोघं एकाच बसने येता, अम्मा. माझा भाऊही कुठे जाणार नव्हता. एका माणसावर सगळं सोपवून काय होतं ते मी भोगलंय. ती कंपनी मोठी आहे. तिथला एक गेला तर दुसरा येईल."

हेही मीच सांगितलं. यजमानांनी कॉफी पूर्ण प्यायली, वायरी गुंडाळल्या आणि हात जोडले.

बसमध्ये ते म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे गं."

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर वर्षभर ते फिरले. टायरवाले झाले, साबणवाले झाले. प्रत्येक ठिकाणी प्रोग्रॅम आवडायचा आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारायचंच, "तुमच्याकडे माणसं किती?" मी बरोबर असले तर यजमान माझ्याकडे बघायचे. पुढे पुढे मला न्यायचंच बंद केलं, इंग्रजीवर भागवू लागले.

अखेर त्यांनी नोकरी धरली, मुंबईच्या त्याच कंपनीच्या मद्रास शाखेत. पहिलंच काम मिळालं ते मुदलाळींच्या गोदामात, कंपनीचा प्रोग्रॅम बसवण्याचं. मुदत आधी संपणारा माल आधी काढायची सोय त्यात नव्हती. यजमानांनी मुंबईला कळवलं. एका गिऱ्हाइकासाठी बदल होणार नाहीत, असं उत्तर आलं.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "मुदलाळी भेटले का? काय म्हणाले?"

"ओळखलं त्यांनी. कॉफी दिली. आता तुम्ही गेलात तरी अडणार नाही म्हणाले, कारकुनाने इंग्रजीत सांगितलं."

"आणि जुना माल?"

"तो राहतोय मागे."

एवढं बोलून ते जेवायला बसले. मला त्यांच्या पानात वाढणं कठीण झालं.

ती नोकरी त्यांनी शेवटपर्यंत केली. मद्रासचं चेन्नई झालं, ऑफिस लांब, शहराबाहेर शोळिंगनल्लूरला गेलं, ते सकाळी जाऊन रात्री यायचे. कामाचं काही बोलायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणायचे, "रोजचंच." पुढच्या खोलीत माझ्या शिकवणीची मुलं बसू लागली.

एकदा आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी मला विचारलं, ग्रंथालयासाठी तुमचे मिस्टर छोटासा प्रोग्रॅम लिहून देतील का? मी धावतच घरी आले. कितीतरी वर्षांनी त्यांना सांगण्यासारखं काही माझ्याकडे होतं.

ते पेपर वाचत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाजारात तयार मिळतात. त्यातलाच एखादा घ्यायला सांग."

आणि त्यांनी पान उलटलं.