नाकावाचून स्वयंपाक

लीलाबाईंच्या जवसाच्या चटणीला कुबट वास येत होता, आणि आमच्या गल्लीत एकालाही ते तोंडानं सांगवलं नाही. पांढरकवड्याची माणसं एरवी फटकळ म्हणून प्रसिद्ध. पण खाण्याची वस्तू कुणी प्रेमानं आणून दिली की सगळ्यांची जीभ गुळात बुडते.

लीलाबाई माझ्या शेजारी राहतात, मधे एकच भिंत. नवरा मारोतराव गेल्यापासून एकट्याच. शेती ठोक्यानं, म्हणजे खंडानं, दिलेली, मुलगा कपिल पुण्यात नोकरीला. शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा जवस दरवर्षी घरी येतो आणि पोळ्याच्या आठवड्यात त्याची चटणी वाटी-वाटीनं घरोघर जाते. त्या वर्षी जवसाला पावसाळ्यात ओल लागली होती. आता, आलेली वाटी रिकामी परत करायची नसते. म्हणून कुणी साखर घालून दिली, कुणी चिवडा, आणि वर "काकू, चटणी एक नंबर!" एवढी स्तुती ऐकल्यावर बाईनं काय करावं? पुढच्या आठवड्यात त्याच जवसाची दुप्पट चटणी कुटली. लीलाबाईंच्या दुसऱ्या बाजूला राहणाऱ्या विमलताईंनी ती हसून घेतली आणि मागच्या दारानं गायीपुढे टाकली. गायीनंही तोंड फिरवलं.

मला पोटात काही ठेवता येत नाही. मी वाटी घेऊन सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "काकू, याला वास येऊन राह्यला. तुम्हाला कसा नाही आला?"

त्यांनी वाटी नाकाशी नेली, खाली ठेवली, पुन्हा नेली.

"मले कशाचाच वास येत नाही, गौरी," त्या म्हणाल्या. "मागच्या हिवाळ्यात ताप आलता ना, तवापासून. डॉक्टर म्हणे, येईन तं येईन."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय होते? कपिलले समजलं तं म्हणन, चाल पुण्याले."

मला रागच आला. एवढे महिने ही बाई फोडणी देत होती, दूध तापवत होती, शिळंपाकं खात होती, आणि भिंतीपलीकडे मला पत्ता नाही. पण त्यांचा चेहरा पाहून राग गिळला. ज्या बाईच्या हातची पाटवडी खायला यवतमाळहून पाहुणे मुद्दाम एसटीनं येत, ती रिकाम्या नजरेनं त्या वाटीकडे पाहत होती.

खरा घोर पुढे होता. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी मला खिडकीतून गॅसचा वास आला. धावत गेले. लीलाबाई अंगणातून आत शिरत होत्या. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, गॅस चालूच होता, आणि अंधार पडला म्हणून त्यांचा हात दिव्याच्या बटनाकडे चालला होता. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की विमलताईही पळत आल्या. "बटनाला हात लावू नका!" बटन दाबताना एवढीशी ठिणगी उडते, ती पुरते. मी रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या आणि तिघीजणी बाहेर ओट्यावर येऊन बसलो.

कपिलला विमलताईंनी फोन केला. त्याबद्दल मी विमलताईंना चार शब्द सुनावणार होते, पण फोन कुणीतरी करायलाच हवा होता. कपिल म्हणाला, जानेवारीत येतो आणि आईला घेऊन जातो, तोवर गॅस बंद, डबा लावा.

डब्याची भाजी लीलाबाईंनी दोन दिवस खाल्ली. तिसऱ्या दिवशी डबेवाल्याला दारातून परत पाठवलं आणि मला हाक मारली.

"पुण्याच्या घरात मी काय करू? टीव्हीपुढं बसू? माह्या चुलीपाशी मी माणूस हाओ. तू मले शिकव नाही तं मी माहं शिकतो, पण हे घर मी सोडत नाही."

मी काय शिकवणार? मीच त्यांच्याकडून कढी शिकलेली. पण दोघी बसलो आणि नाक करत होतं ती कामं बाकीच्यांना वाटून दिली. गॅस गळाला की ओरडणारं यंत्र आणलं. मी ते वर लावायला निघाले तर दुकानदार म्हणाला, हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, यंत्र जमिनीजवळ लावा. नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचं. काम झालं की रेग्युलेटर बंद, मग पाच मिनिटांनी पुन्हा चहा करायचा असला तरी. दूध शेगडीवर असताना स्वयंपाकघर सोडायचं नाही. त्यासाठी स्टूलच ठेवलं ओट्यापाशी. अंगणात कुणीही हाक मारो, लीलाबाई आतून ओरडतात, "दुधापाशी हाओ!" पोस्टमनलासुद्धा हे पाठ झालंय.

चवीचं काम कानानं आणि डोळ्यानं उचललं. मोहरी तडतडून शांत झाली की जिरं. लसणाच्या कडा बदामी दिसल्या की लगेच पुढचं घालायचं, कारण जळल्याचा वास आता सांगायला येणार नाही. भाताचं पाणी आटत आलं की खदखद थांबून चुरचुर ऐकू येते, तिथं आच कमी. दुधाची शंका आली तर चमचाभर वाटीत तापवून पाहायचं, नासकं असेल तर फाटतं. उरलेल्या भाजीची दया करायची नाही. आणि जवस, शेंगदाणे, पीठ असलं काही वापरायच्या आधी भिंतीवर टकटक: "गौरी, नाक घेऊन ये!" मी कॉलेजच्या ऑफिसात असले तर विमलताई. ही नाकाची पाळी आम्हा दोघींना आता इतकी अंगवळणी पडलीय की विमलताई स्वतःच्या घरचं पीठही हुंगून पाहतात.

जानेवारीत कपिल आला. येताना मोठी बॅग आणली, रिकामी. ती पाहून लीलाबाईंचा चेहरा पडला. संध्याकाळी मला जेवायला बोलावलं. भरताची वांगी आणली होती. कपिल दाराला टेकून, हाताची घडी घालून आईकडे पाहत उभा. लीलाबाईंनी पदर खोचला, खिडकी उघडली, वांग्यांना सुरीनं टोचे मारले.

"हे कायले?" कपिलनं विचारलं.

"नाही मारले तं फुटते न तोंडावर उडते."

वांगी शेगडीवर फिरवताना त्या वाकून ऐकत होत्या. रस आचेवर चर्र करायला लागला, देठाशी सुरी लोण्यासारखी शिरली, तेव्हा उतरवली. कढई कोरडी पुसूनच तेल घातलं. कपिल पाहत राहिला. पण पानं वाढेपर्यंत त्याचा हट्ट तसाच होता.

"आई, सगळं बरोबर हाये. पण एक दिवस चूक झाली तं? मले तिकडं झोप लागत नाही. चाल तू."

"तिकडं गेल्यानं माहं नाक येईन का?" लीलाबाईंनी शांतपणे विचारलं. "तू न सूनबाई सकाळी जाता, रात्री येता. बंद घरात दिवसभर मी एकटी. इथं भिंतीवर हात मारला का दोघी धावते. तिथं माहं नाक कोण होईन, सांग."

कपिलनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच पानात ठेवला.

मग लीलाबाईंनी भरताचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. "वास घेऊन पाह्य बरं. जमलं का? मले तं समजत नाही."

त्यानं वाकून वास घेतला आणि तसाच वाकून राहिला. वर पाहिलं तेव्हा डोळे भरले होते.

"लसूण पहिले येते," तो म्हणाला. "मंग जळक्या सालीचा, शेतात बाबा शेकोटीत भाजत ना, तसाच."

लीलाबाईंनी डोळे मिटले. "सांबार?"

"सांबार मागून येते. वरून टाकलेला, हिरवाकच्च." कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात, पुण्यात राहूनही तो विसरला नव्हता. "आई, तू इथंच राह्य. मी यंत्र आणखीन एक लावून देतो, न दर महिन्याले येतो."

त्यांनी मान डोलावली, पण डोळे उघडले नाहीत.

"अजून सांग," त्या म्हणाल्या. "तेलाचा कसा येऊन राह्यला?"

कपिल पुन्हा भांड्यावर वाकला आणि सांगत राहिला. भाकरी निवून गेल्या तरी आमच्यातल्या कुणीही त्याला थांबवलं नाही.