आपल्या गाडीला चांगलं म्हणायचं नाही

गॅरेजच्या फरशीवर ऑईलचे डाग साचतात तसेच किस्सेही साचतात. एक पुसेपर्यंत दुसरा पडलेला असतो. माणूस पाच मिनिटांच्या कामाला येतो, बाकावर टेकतो आणि गाडी तयार झाली तरी उठत नाही. मी नववीनंतर शाळा सोडून वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या या गॅरेजात लागलो. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. हात कामात असतात, कान मोकळे असतात.

आमच्याकडे एकाच मॉडेलची सेडान बऱ्याच जणांची आहे. पुढे लांब बॉनेट, मागे मोठी डिक्की, मधे ऐसपैस सीट. पण मालकाला विचारलं की गाडी कशी आहे, तर चांगली आहे असं एकही जण म्हणत नाही. नजर लागते ना! पुढे लिंबू-मिरची टांगलेली असतेच. तिच्यावर भरवसा नको म्हणून वरून शिव्या.

यात पहिला नंबर रशीद चाचांचा. बसस्टँडजवळ त्यांचं भांड्यांचं दुकान आहे.

"चाचा, कशी हाय गाडी?"

"डबडं हाय."

हे म्हणताना ते आपल्या रुमालाने गाडीचा आरसा पुसत असतात.

एका गुरुजींनी ते खरं मानलं आणि दुसरीच गाडी घेतली. ती सारखी बंद पडायला लागली, तेव्हा गुरुजी चाचांवर चिडले. "तुमीच त म्हणले होते, डबडं हाय म्हणून."

चाचा म्हणाले, "मंग काय आपल्या तोंडानं चांगली म्हणू?"

*

कैलासभाऊंची याच मॉडेलची गाडी लग्नात भाड्याने जाते. एकदा कामरगावला नवरीचं रुखवत आणायचं होतं. त्यासाठी जीप वेगळी सांगितली होती. कैलासभाऊंनी डिक्की उघडली आणि एकेक वस्तू आत लावत गेले. कुलर सोडून सगळं मावलं. जीप फक्त कुलर घेऊन मागे आली.

नवरीचे मामा बघतच राहिले. "गाडी हाय का कोठी हाय?"

कैलासभाऊंनी पटकन डिक्की लावली. घाईघाईने म्हणाले, "काही खरं नाही मामा. झाकण बराबर लागत नाही."

*

या गाडीचा खरा दोष म्हणजे पोट खाली आहे. भरलेली असली की स्पीडब्रेकरवर घासते. म्हणून कैलासभाऊ ब्रेकर आला की सगळ्यांना उतरवतात, गाडी रिकामी पार करतात आणि पुन्हा बसवतात.

एका लग्नात मांडवाच्या अलीकडेच ब्रेकर होता. नवरदेवही उतरला. बँडवाल्यांना फेटा दिसला, त्यांनी लगेच वाजवायला सुरुवात केली. वऱ्हाड नाचायला लागलं. नवरदेव पायी मांडवात पोचला आणि सजवलेली गाडी मागून रिकामी आली.

नवरीची आत्या म्हणाली, "जवाई लय साधे हायेत बाई. गाडी असून पायी आले."

*

मागच्या सीटबद्दल चाचींना विचारा. चाचा त्यांना वाशीमला कापड घ्यायला घेऊन निघाले. एसी लागला आणि गाव सुटायच्या आत चाची झोपल्या. वाशीमला चाचांनी दोनदा हाका मारल्या. शेवटी तिथल्या एका मित्राला गाडीपाशी उभं केलं, स्वतःच कापड घेतलं आणि परत आले. घरासमोर चाचींना जाग आली. पदर सारखा करून म्हणाल्या, "निघायचं कवा?"

चाचांनी पसंत केलेलं ते कापड चाचींनी अजून शिवलेलं नाही. त्याचाही दोष गाडीवरच आहे.

*

पण सीट जितकी गुबगुबीत तितकीच ती खाली. चाचांचे गुडघे दुखायला लागले आणि उतरताना दाराला लोंबकळायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, उंच गाडी घ्या. आता ही विकायची कशी? इतकी वर्षं डबडं म्हटलेली गाडी गावात कोण घेणार?

गॅरेजचे मालक शेषरावभाऊ यांनी बाहेरचं गिऱ्हाईक आणलं. त्याने गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "वा चाचा, काय चकाचक ठेवली! एक नंबर."

चाचांनी बाजूला तोंड करून थू थू केलं. "इकायची नाही."

"काहून नाही?" शेषरावभाऊ वैतागले.

"ज्याले नजर आवरत नाही, तो गाडी काय सांभाळंल?"

आठवड्याभरात चाचा दुकानासमोर सीटमधेच अडकले. मी आणि शेषरावभाऊंनी दोन्ही हात धरून त्यांना बाहेर काढलं. चाची दुकानाच्या दारातून म्हणाल्या, "आता गाडी इकू का तुमाले इकू?"

*

मग केनवडचे बबनराव आले. शेतकरी माणूस, तोंडातून शब्द निघेना. चाचांनी स्वतःच सगळं सांगितलं. "पेट्रोल पिते. पोट घासते. गुडघे घेते."

बबनरावांनी मान हलवली आणि गाडी घेतली. ना चांगली म्हणाले, ना वाईट. चाचांचा जीव तिथेच अडकला. रोज गॅरेजला येऊन मला विचारायचे, "सावलीत लावत असंल का रे तो?" मला काय माहीत?

चाचांनी उंच गाडी घेतली. पहिल्या सर्व्हिसिंगला आले तेव्हा शेषरावभाऊंनी विचारलं, "कशी हाय नवीन?"

"चांगली हाय," चाचा म्हणाले.

शेषरावभाऊंनी माझ्याकडे बघितलं, मी पान्याकडे.

चाचा बाकावर बसले. बराच वेळ मोबाईल हातात घोळवत होते. शेवटी स्पीकर लावून त्यांनी बबनरावांना फोन केला.

"बबनराव, रशीद बोलतो, मालेगाववरून. कशी हाय गाडी?"

पलीकडे बादली ठेवल्याचा आवाज आला. बबनराव म्हणाले, "थांबा, हात ओले हायेत. धुऊन राह्यलो होतो तिले." मग म्हणाले, "काय सांगू चाचा, डबडं देल्लं तुमी मले."

चाचांनी फोन खिशात ठेवला. माझ्याकडे वळले.

"चहा सांग रे सगळ्याईले. मलाई मारून."